सनद, स्पॉन्सर आणि अक्कलदाढ

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली मराठी माणसं स्वतःला इथली मूळ रहिवासी समजतात. हे ऐकून समोरच्या किल्ल्याला हसू येत असेल. आम्ही १८१० नंतरचे. दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला, तंबूंचे वाडे झाले, वाड्यांमधून गल्ल्या निघाल्या, छावणीचं शहर झालं, तरी नाव ‘लष्कर’च राहिलं. मालक मुळात साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे. त्यांच्यामागे शितोळे, आंग्रे, फाळके असे सरदार आले, सरदारांमागे कारकून, कारकुनांमागे भटजी, भटजींमागे आचारी आणि आचाऱ्यांचा सुगावा लागताच उरलेले सगळे. एकजात नोकरीसाठी परमुलखात आलेली मंडळी! कुणाची भाषेची परीक्षा झाली नाही. झाली असती तर हिंदीत आम्ही तेव्हाही नापास झालो असतो आणि आजही होऊ. शिक्क्याचा एक कागद हाती पडला की माणूस, त्याची बायको, आई, विधवा आत्या, घोडा आणि तुळशीवृंदावन असं सगळं त्या एका सनदेवर नर्मदा ओलांडून यायचं.

जयविलास महाल उभा राहिला १८७४ मध्ये. त्याआधी शिंद्यांचं बिऱ्हाड महाराज बाडा चौकाला लागून असलेल्या गोरखी महालात होतं. पुढे त्याच आवारात सरकारी कचेऱ्या थाटल्या. त्यामुळे गोरखीच्या दरवाज्याशी कागद छातीशी धरून ताटकळत उभं राहणं ही आमच्याकडे पिढीजात विद्या आहे. राज्यं बदलली, साहेब बदलले. रांगेतली आडनावं मात्र तीच राहिली.

आमची भाची याच रांगेची वारस. ती दातांची डॉक्टर झाली तेव्हा घरात आनंद झाला, पण तो किंचित हिशेबी आनंद होता. “डॉक्टर झाली,” असं ताई सगळ्यांना मोठ्याने सांगायची आणि “दातांची” हे पदराआड म्हणायची. चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप एवढं करूनही शेजारच्या काकू तिला गुडघा दाखवायच्या. ती नम्रपणे म्हणायची, “काकू, मी दातांची.” काकू म्हणायच्या, “हो गं, पण हाडच ना ते?”

अडचण अशी की आपल्या देशात आता दंतवैद्यकाची तीनशेच्या वर महाविद्यालयं आहेत. मध्य प्रदेशात इंदूरला १९६१ मध्ये सरकारी दंत महाविद्यालय निघालं तेव्हा दातांचा डॉक्टर ही अपूर्वाईची गोष्ट होती. आज बाड्यावरून कुठल्याही दिशेला चालू लागा, गजकचं दुकान संपायच्या आत दवाखान्याची पाटी दिसते. आणि ही रचना तशी शास्त्रशुद्ध आहे. थंडीत आमच्याकडे तीळ आणि गूळ कुटून केलेली गजक खातात. शेजारच्या मुरैन्याच्या गजकला तर २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. गजकने दातावरची जुनी कॅप एकदा धरली की ती सोडत नाही. तरीही दवाखाने इतके झाले, की एकट्या गजकच्या जिवावर सगळ्यांचं भागेना. भाचीला एका दवाखान्यात जो पगार सांगितला, तो ऐकून ती म्हणाली, “मामा, एवढ्यात तर माझ्या ॲप्रनची धुलाई होते.”

त्याच सुमारास, फेब्रुवारी २०२४ मध्ये, इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहराची बातमी आली. तिथे सेंट पॉल्स भागात सरकारी योजनेतले रोगी घेणारा एक दवाखाना उघडला आणि नाव नोंदवायला शेकडो लोक रस्त्यावर लोटले. रांग आवरायला पोलीस आले. काही इंग्रजांना डॉक्टर मिळेना म्हणून त्यांनी घरच्या पकडीने स्वतःचे दात उपटल्याच्याही बातम्या होत्या. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण ऐकत आम्ही वाढलो. पण ही विभागणी सात समुद्रांवर पसरली असेल असं वाटलं नव्हतं. दुखरे दात सगळे तिकडे आणि रिकाम्या पकडी सगळ्या इकडे. दोघांची गाठ घालून दिली की झालं, असं आम्हा भोळ्या माणसांना वाटलं. मधे व्हिसा नावाचा प्राणी असतो, हे लक्षात यायला वेळ लागला.

पहिली पायरी अर्थात कन्सल्टंट. त्यांच्या काचेच्या केबिनमध्ये टेबलावर सहा देशांचे झेंडे होते आणि भिंतीवर एक हसरी गोरी बाई, जिचे दात बघून भाची एवढंच म्हणाली, “व्हिनियर्स.” समोर बसलेल्या तरुणाने विचारलं, “डेंटिस्ट म्हणून जायचंय की डेंटल ऑफिसमध्ये?” दुसरा पर्याय त्याने फार गोड आवाजात समजावला. परीक्षा नको, काही नको. रिसेप्शनवर बसायचं, अपॉइंटमेंट द्यायची, फोन घ्यायचे; मालक स्पॉन्सर करणार; दोन वर्षांत आपोआप डॉक्टर. ‘आपोआप’ या शब्दावर त्याने इतका जोर दिला की मला शंका आली. आयुष्यात आपोआप होणारी एकच गोष्ट मला माहीत आहे. अक्कलदाढ. आणि तीही बहुतेक वेळा वाकडी येते.

भाचीने घरी येऊन नियम वाचले. आमच्या घराण्यात नियम स्वतः वाचणारी ती पहिलीच. आधीच्या पिढ्या कारकुनाकडून वाचून घेत, कारण कारकूनही घरातलाच असे. तिला कळलं ते असं. इंग्लंडने २२ जुलै २०२५ पासून कुशल कामगाराच्या व्हिसाची पायरी उंच केली. काम पदवीच्या पातळीचं हवं आणि पगाराची साधारण मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड. मोजके अपवाद सोडले तर त्याखालच्या कामांना नव्याने दार बंद. फोन उचलून “प्लीज होल्ड” म्हणणाऱ्या बाईला एवढे पौंड देणारा दंतवैद्य मिळाला तर त्याच्याकडे नोकरी कशाला करायची, त्याच्याशी सोयरीकच करावी, असं ताईचं मत पडलं.

दुसरी गोष्ट कळली ती आमच्या गल्लीतल्या आबांना फार लागली. आबांच्या दिवाणखान्यात त्यांच्या खापरपणजोबांची सनद चौकटीत आहे. मोडी कुणालाच वाचता येत नसल्यामुळे तिच्याबद्दलचा आदर टिकून आहे. भाचीने त्यांना सांगितलं, “आबा, इंग्लंडातला मालक आपल्याला बोलावतो तेव्हा ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप’ देतो.” आबा खूश झाले. “बरोबर! सनदच ती. किती मोठी असते? शिक्का कुठे येतो?” भाची म्हणाली, “कागद नसतोच आबा. कॉम्प्युटरमध्ये एक नोंद असते आणि आपल्याला नुसता नंबर मिळतो.” आबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “नंबर तर कैद्यालाही देतात.”

मात्र त्या सरकारची एक गोष्ट आबांनाही आवडली. परदेशी माणसाला कामावर बोलावण्याचा परवाना ज्यांच्याकडे आहे, अशा एक लाखाहून जास्त मालकांची यादी तिथलं सरकार सगळ्या जगाला फुकट दाखवतं. कन्सल्टंट तरुण जी ‘आतली माहिती’ म्हणून हजारो रुपयांना विकत होता, ती हीच. आपल्याकडेही १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. त्याखाली परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाला नोंदणी लागते आणि उमेदवाराकडून त्याला ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. भाचीने त्याला नोंदणीचा क्रमांक विचारला. तो म्हणाला, “मॅडम, आम्ही एजंट नाही, आम्ही मार्गदर्शक.” मार्गदर्शनाला मर्यादा नसते.

तेव्हा ठरलं, की जायचं तर डॉक्टर म्हणूनच, ताठ मानेने, परीक्षा देऊन. इंग्लंडच्या परीक्षेचं नाव ओआरई. ती दोन भागांत असते. प्रत्येक भागाला चार संधी, आणि पहिल्यांदा बसल्यापासून पाच वर्षांत सगळं उरकायचं. पण खरी परीक्षा म्हणजे परीक्षेची जागा मिळवणं. नोंदणी उघडते आणि चहा गाळून होईपर्यंत भरतेसुद्धा. आमच्या घरात त्या दिवशी सगळ्यांचे फोन, लॅपटॉप आणि भाऊजींचा ऑफिसचा कॉम्प्युटर एकाच पानावर उघडून ठेवलेले असतात आणि माई, म्हणजे भाचीची आजी, देवापाशी दिवा लावून बसते. दसऱ्याला शस्त्रपूजा होते तसा थाट. जागा गेली की माई विचारते, “कुणी घेतली?” जणू त्या माणसाला ती ओळखणार आहे.

दुसऱ्या भागात प्रत्यक्ष काम करून दाखवायचं असतं, आणि तेही माणसावर नाही, पुतळ्यावर. त्याला फँटम हेड म्हणतात. रबरी गाल, उघडं तोंड आणि आत प्लॅस्टिकचे बत्तीस दात, जे काढून नवे बसवता येतात. सरावासाठी भाचीने असं एक डोकं मागवलं आणि जेवणाच्या टेबलाला क्लॅम्पने आवळून बसवलं. ते सदैव आ वासून असल्यामुळे जेवताना आपण त्याला न देता खातो आहोत असं अपराधी वाटायचं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांपैकी एकीने त्याच्याकडे बघून ताईला हळूच विचारलं, “मुलाकडचे का?” माईने तर संध्याकाळी त्याच्या तोंडावर रुमाल टाकायला सुरुवात केली. “उघड्या तोंडात डास जातात,” ती म्हणाली. परीक्षेत रोगी म्हणून नट आणतात आणि त्यांना दाढ दुखण्याचा अभिनय करावा लागतो, हे ऐकून माईने आपलं नाव सुचवलं. तिला अभिनयाची गरज पडली नसती.

इंग्रजीचीही परीक्षा असते. आयईएल्टीएसमध्ये एकूण सात बँड आणि कुठल्याही भागात साडेसहाच्या खाली नाही. आमची घरची मराठी पुण्याच्या पाहुण्यांना कळत नाही आणि आमची हिंदी ऐकून भोपाळवाले हसतात. त्यावर इंग्रजीचा तिसरा मजला चढवायचा. भाची म्हणते, “मी बाजारातून होऊन आले,” आणि हेच ती इंग्रजीत सांगू लागली की परीक्षक थांबतो. आबांनी उपाय सांगितला. तानसेनाच्या समाधीपाशी चिंच आहे. तिचा पाला चघळला की गळा सुधारतो म्हणून गवई आजही तो खातात. “सात सूर साधतात, तर सात बँड का नाही साधणार?” भाचीने खाल्लाही. सूर लागले की नाही ठाऊक नाही, दात मात्र आंबले. भाषेवरून आठवलं. याच गोरखीच्या शाळेत शिकलेले अटलबिहारी वाजपेयी १९७७ मध्ये परराष्ट्रमंत्री म्हणून संयुक्त राष्ट्रांत गेले आणि तिथे थेट हिंदीत बोलले. त्यांना कुणी बँड विचारला नाही.

बाकीच्या देशांचीही चौकशी झाली. ऑस्ट्रेलियाची प्रात्यक्षिक परीक्षा मेलबर्नला. कॅनडाच्या तीन परीक्षा, त्यातली हाताने काम करायची ओटाव्याला. म्हणजे परदेशात जाता येईल का, हे ठरवण्यासाठी आधी परदेशात जायचं. आखाती देशांत परीक्षा सोपी म्हणतात, पण तिथे कागदांची पडताळणी असते. तुमची पदवी खरी आहे का, हे ते तुम्हाला विचारत नाहीत. पदवी देणाऱ्यालाच पत्र लिहून विचारतात. आणि पदवी देणारा उत्तर द्यायला आपल्या सवडीने बसतो. यावर आम्ही ग्वाल्हेरकरांनी तक्रार करू नये. जयविलासच्या दरबार हॉलमध्ये साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं टांगायची होती, तेव्हा छत भार पेलेल का हे बघायला त्यावर हत्ती चढवले होते, असं इथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आम्हीच अभिमानाने सांगतो. भाचीच्या पदवीवरही तसेच हत्ती चढले. फरक इतकाच, की महालावरचे नंतर उतरवले होते.

अमेरिकेचं प्रकरण आबांनी स्वतः हाती घेतलं. तिथे बाहेरच्या दंतवैद्याला बहुतेक ठिकाणी पुन्हा दोन-तीन वर्षं कॉलेजात बसावं लागतं. मग एच-वन-बी व्हिसा, म्हणजे मालकाने अर्ज करायचा आणि सरकारने सोडत काढायची. वर्षाला ६५ हजार जागा, शिवाय तिथेच वरची पदवी घेतलेल्यांसाठी २० हजार. त्यातच १९ सप्टेंबर २०२५ ला तिथल्या अध्यक्षांनी फर्मान काढलं, की नव्या अर्जावर मालकाने एक लाख डॉलर भरावेत. आबांनी कागदावर हिशेब मांडला. ८८ लाख रुपये! “एवढ्यात शिंद्यांनी आख्खं पथक पोसलं असतं. घोड्यांसकट.” मग त्यांनी भाचीकडे आपादमस्तक पाहिलं आणि प्रेमाने म्हणाले, “तू गुणी आहेस बाळ, पण एवढी नाहीस.”

भाऊजींचा प्रश्न वेगळाच होता. “समजा गेलीच, तर आम्हाला डिपेंडंट म्हणून नेता येईल?” नियमात नवरा आणि मुलं बसतात, आईबाप बसत नाहीत, हे कळल्यावर त्यांचा या योजनेतला रस ओसरला. मी त्यांना पुन्हा वाजपेयींचीच गोष्ट सांगितली. अटलजी पुढच्या शिक्षणाला कानपूरच्या डीएव्ही कॉलेजात गेले ते ग्वाल्हेरच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, म्हणजे स्पॉन्सर इथलाच. आणि त्यांच्यामागून त्यांचे वडील, शिक्षकीतून निवृत्त झालेले कृष्णबिहारीजी, स्वतः कायदा शिकायला त्याच कॉलेजात दाखल झाले. बापलेक एकाच वर्गात, वसतिगृहात एकाच खोलीत! भाऊजी विचारात पडले. दुसऱ्या दिवशी ते भाचीचं दंतशास्त्राचं पुस्तक उघडून बसलेले दिसले. तेव्हा घाबरून तिनेच त्यांना बाजारात पाठवलं.

आणि मग, सगळे झेंडे चाळून झाल्यावर, एके दिवशी परदेशातलं डेंटल ऑफिस स्वतःच चालत आमच्या गल्लीत आलं. व्हिसा न मागता.

झालं असं, की अमेरिकेत दात दुखला की रोगी आधी डॉक्टरकडे बघत नाही, विमा कंपनीकडे बघतो. कुठल्या दाताचे किती पैसे मिळतील, वर्षाची मर्यादा उरली आहे का, हे विचारायला दवाखान्याला एक वेगळा माणूस लागतो. तो तिथे ठेवणं महाग पडतं, म्हणून हे काम रात्रीच्या रात्री भारतात येतं. भाचीला असं काम लागलं. दंतवैद्य असल्यामुळे तिला ते पटकन जमलंही. दात साफ करणं म्हणजे डी १११०, सिरॅमिकची कॅप म्हणजे डी २७४०, दात काढणं म्हणजे डी ७१४०. आता घरातही ती आकड्यांतच बोलते. माई दात दुखतोय म्हणाली की ती म्हणते, “आजी, तुझं एकाहत्तर-चाळीसच करावं लागणार.” माईला तो घराचा नंबर वाटतो.

गंमत दातांच्या क्रमांकांची आहे. आपल्याकडे वरच्या उजव्या अक्कलदाढेला १८ म्हणतात. अमेरिकेत तीच दाढ १ नंबर, आणि त्यांचा १८ म्हणजे खालची डावी, शेवटून दुसरी दाढ. म्हणजे माणूस जसाच्या तसा विमानातून उतरतो, पण त्याच्या तोंडातल्या सगळ्या दातांच्या बदल्या झालेल्या असतात. नाव तेच, दुखणं तेच, हुद्दा मात्र नवा. परदेशी गेलेल्या आमच्या इतर नातेवाइकांचंही हेच झालं आहे, पण त्यांच्या बाबतीत ते इतकं स्पष्ट कुणी लिहून देत नाही.

विम्यात ‘हरवलेल्या दाताचं कलम’ असतं. विमा घेण्याआधीच जो दात पडला, त्याच्या जागी नवा बसवायचा तर कंपनी पैसे देत नाही. भाचीने हे जेवताना समजावलं तेव्हा माईने कवळी हातात घेऊन शांतपणे विचारलं, “म्हणजे माझं सगळं तोंडच कलमात बसतं का?” भाची म्हणाली, “हो आजी.” माई म्हणाली, “मग गजक दे.” आणि दोन तुकडे कवळीशिवाय चोखून खाल्ले.

तिकडच्या पूर्व किनाऱ्याचे सकाळचे नऊ म्हणजे आमचे संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं तासभर मागे जातात आणि आमच्या घरची संध्याकाळची भाजी तासभर उशिरा फोडणीला पडते. भाची दिवसा ओआरईचा अभ्यास करते, फँटम हेडच्या दाढा कोरते आणि दिवेलागणीला हेडफोन चढवून दूरच्या कुठल्याशा गावातल्या म्हाताऱ्यांच्या दाढांची चौकशी करू लागते. परीक्षेची जागा मिळाली की जाईन म्हणते. पगार बाड्यावरच्या दवाखान्याच्या दुप्पट आहे आणि स्पॉन्सर म्हणून भाऊजींनी घेतलेला एक इन्व्हर्टर आहे. वीज गेली की तो किणकिण आवाज करतो आणि घरातले सगळे पंखे बंद करून आम्ही एका मुलीला अमेरिकेत टिकवून धरतो.

लग्नाचंही बघणं सुरू आहे. परवाच पुण्याहून एका मुलाच्या आईचा फोन आला. ताईने स्पीकर लावला होता. तिकडून विचारणा झाली, “मुलगी फॉरेनला असते, असं कळलं. खरं का हो?”

ताई क्षणभरही अडखळली नाही. “असते ना! रोज संध्याकाळी साडेसहाला जाते, रात्री अडीचला परत येते.”

“अगंबाई! मग जेवायचं कसं?”

“जेवण इथेच,” ताई म्हणाली. “तिकडचं तिला मानवत नाही.”